जागा मोकळी करा

कॉम्प्युटरच्या त्या बड्या कंपनीने मंगळवारी काही नवीन जाहीर केलं की बुधवारी संध्याकाळपर्यंत धाकटीला त्यावर मत असावं लागे. नऊ वर्षं हे चाललं होतं. शनिवारच्या पुरवणीत तिचं अर्धं पान असे. वर कंपनीच्या बातम्यांवर तिचं मत, आणि खाली 'करून पाहा' नावाच्या चौकटीत एखादी युक्ती: कॉम्प्युटर हळू चालत असेल तर काय बंद करावं, हरवलेली फाईल कुठे शोधावी, पासवर्ड कसा असावा. मत फारसं कोणी वाचत नसे. चौकट मात्र लोक वाचत आणि खरोखर करून पाहत.

त्याआधी बावीस वर्षं तिने कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काढली होती. तिथली एक सवय तिला सुटली नव्हती. मोजमापाचं कुठलंही वाचन तीनदा घ्यायचं. चौकटीतली प्रत्येक युक्ती ती तीन यंत्रांवर करून बघे: स्वतःच्या, बिजागरी तुटल्यामुळे शब्दकोशाला टेकवून ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर, आणि नवऱ्याच्या, त्याची कुरकुर ऐकत. तिन्हीकडे जमलं तरच छापायला द्यायची. प्रयोगशाळेतल्या लंबकाची लांबी तीच ठेवली तर तो वर्षानुवर्षं तेवढाच वेळ घेतो. कंपनीची गोष्ट वेगळी होती. आज तीनदा खरी ठरलेली गोष्ट कंपनी पुढच्या महिन्यात एका अपडेटने खोटी करून टाकी आणि कोणाला सांगतही नसे. धाकटी आता एकसष्ट वर्षांची होती आणि तिला या शर्यतीचा कंटाळा आला होता.

त्या बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोन रस्ते सोडून तिचं शिवणाचं दुकान होतं.

"शास्त्रज्ञ, जागी आहेस का?"

"काम करतेय. बोल."

"ते माझं फोल्डर दिसत नाहीये. वर, कंपनीकडे ठेवलेलं."

"दुसरी खिडकी उघडली असशील. नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे?"

"ताई, संपादकांना चारला मजकूर द्यायचाय. दुपारी येते."

"ये बाई सवडीने. आम्ही काय, पळून जातोय थोडेच."

आठवड्यातून तीनदा ताईचं काहीतरी दिसेनासं होई आणि ते तिथेच असे. धाकटीने फोन उलटा ठेवला आणि कंपनीच्या नव्या डिजिटल मदतनीसाबद्दल लिहू लागली. हा मदतनीस म्हणे तुमची पत्रं तुमच्याआधी वाचणार होता. तिला त्यावर काहीच वाटत नव्हतं. तरी तिने चारशे शब्द लिहिले.

सव्वाबाराला ती पाणी प्यायला उठली आणि पेला हातातच राहिला. ताईने 'वर, कंपनीकडे' म्हटलं होतं. फाईल कॉम्प्युटरवर सापडत नाही, असं ती म्हणालीच नव्हती.

मागच्या वर्षी चौकटीत एक युक्ती आली होती, 'जागा मोकळी करा'. कॉम्प्युटर भरला असेल तर आधी सगळं कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात चढवा, मग कॉम्प्युटरवरची प्रत खुशाल पुसा, वरची राहते. तीन यंत्रांवर, तीनदा, राहिली होती. चार महिन्यांनी कंपनीने नियम फिरवला. इथली प्रत पुसली की तिथलीही जाऊ लागली, आणि पुसलेलं तिथल्या कचरापेटीत फक्त तीस दिवस राही. धाकटीला हे कळलं तेव्हा तिने दुरुस्ती लिहिली होती. संपादक म्हणाले होते, "मॅडम, 'चूक' कशाला? चूक तुमची नाहीच. वरच्या मजकुरात घाला ना, कंपनीने काही बदल केलेत म्हणून." तिला वाद घालायचा कंटाळा आला होता. तिने वर घातलं, सहाव्या परिच्छेदात.

आणि ताई फक्त चौकटी कापत असे. नागमोडी धारेच्या कात्रीने कापून वहीत चिकटवी. वर काय लिहिलंय ते तिने नऊ वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. "तुझं मत मला फुकट ऐकायला मिळतंच की," असं ती म्हणे.

दुकानात पोचायला धाकटीला बारा पस्तीस झाले. ताई काउंटरमागे टाचण्या दातांत धरून कॉलर जोडत होती.

"पुसलंस कधी?"

ताईने टाचण्या काढल्या. "काय झालं तोंडाला तुझ्या? भिंतींना रंग दिला तेव्हा. दुकान बंद होतं, म्हटलं हे काम उरकू."

"कोणत्या तारखेला? नक्की सांग."

ताईने ऑर्डरची वही उघडली. बोट खाली सरकलं. "सोमवार होता. हे बघ, ग्राहक नाही. सकाळी नऊला बसले ते संध्याकाळी सहाला उठले. एकेक नाव यादीत ताडून बघत होते आणि मग पुसत होते. तूच लिहिलंयस, घाई करू नका."

गेल्या महिन्यातला तो सोमवार ते आजचा बुधवार. धाकटीने दोनदा मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून तिसऱ्यांदा. आज तिसावा दिवस होता.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. कंपनीच्या कचरापेटीत एक लांब यादी होती. यादीच्या तळाशी, सर्वांत जुन्या फाईलसमोर, पुसल्याची वेळ होती: बारा एकेचाळीस. ती बघत असतानाच ती ओळ नाहीशी झाली आणि तिच्या वरची तळाशी आली. ताईने ज्या संथपणे एकेक फाईल पुसली होती त्याच संथपणे कंपनी त्या कायमच्या टाकून देत होती.

धाकटीने सगळी यादी निवडून 'परत आणा' दाबलं. निळी पट्टी हळूहळू भरली. तीनशे चौऱ्याहत्तर.

"किती होते?"

"सहाशे अकरा," ताई म्हणाली.

हे सहाशे अकरा ताईचे कापड बेतण्याचे नमुने होते, एकेचाळीस वर्षांचे. तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत अशी माणसं तिच्याकडे येत. एक खांदा खाली असलेली, एक हात आखूड असलेली, पाठीला बाक आलेली. प्रत्येकाचा नमुना कागदावर, तीन-चार वेळा अंगावर घालून बघून, खडूने सुधारून केलेला. तीन वर्षांपूर्वी कपाटाला ओल लागली तेव्हा धाकटीच म्हणाली होती, सगळे स्कॅन कर आणि हे कुजके कागद फेक. ताईने दीड महिना बसून स्कॅन केले आणि कागद फेकले.

"बाकीचे?" ताईने विचारलं.

"गेले."

"कुठे गेले? शोध ना. तुझं काम आहे ते."

"शोधण्यासारखं उरलं नाही, ताई." मग ती थांबली. हे न सांगताही चाललं असतं. ताईला कधी कळलं नसतं. "नऊ वाजता आले असते तर सगळे होते. तू फोन केलास तेव्हा फार तर सात-आठ गेले असतील."

 ताईने कॉलर उचलली, एक टाचणी लावली, काढली, पुन्हा त्याच भोकात लावली. बाहेर कोणीतरी शटर वर ढकललं. शेजारचं दुकान उघडत होतं.

"मी कोटांपासून सुरुवात केली होती," ती शेवटी म्हणाली. "कोट गेले सगळे."

"सगळे."

"टपालवाल्या काकांचा कोट पुढच्या गुरुवारी द्यायचाय. कापड कापायचंय अजून." ताईने चष्मा काढून पुसला. "चार वेळा अंगावर घालून बघितलं होतं त्या माणसाने. तेव्हा जिना चढत होता. आता घरातल्या घरात भिंत धरून चालतो."

"मापं आहेत का?"

"मापं वहीत आहेत. मापांनी कोट होतो का? पाठीचा बाक आकड्यात कसा लिहायचा, तूच सांग, शिकलेली आहेस."

 वक्राला समीकरण असतं, हे धाकटीला ठाऊक होतं. पण त्या समीकरणाने कापड कापता येत नाही, हेही.

"उद्या त्यांच्या घरी जाऊ," ताई म्हणाली. "तू येशील टेपचं दुसरं टोक धरायला. माझा एक हात भिंतीसारखा त्यांना धरायला लागेल."

"येते."

"संपादकाला विचारून ये हो. नाहीतर चारला मजकूर असायचा."

हा टोमणा होता आणि तो बसला. धाकटीने तो घेतला.

घरी येऊन तिने मदतनीसावरचे चारशे शब्द पुसले. मग 'करून पाहा'च्या चौकटीत पहिली ओळ लिहिली: या चौकटीत मागच्या वर्षी दिलेली 'जागा मोकळी करा' ही युक्ती आता चुकीची आहे. पुढे तीस दिवस, कचरापेटी, आणि आजच काय करावं ते. संपादकांचा फोन पावणेपाचला आला.

"मॅडम, वरचा भाग कोरा आहे."

"मत नाही मला."

"मत नाही? नऊ वर्षांत पहिल्यांदाच."

"नऊ वर्षांत पहिल्यांदाच खरं सांगतेय. जागा उरली तर चौकट मोठी करा. अक्षरही मोठं करा."

"पण चुकीची आहे, असं थेट... वाचक काय म्हणतील?"

"वाचक कापून चिकटवतात. जुन्या कागदावर नवा चिकटवता येईल असं छापा."

संपादकांनी सुस्कारा सोडला. तेही थकलेले गृहस्थ होते. बघतो, म्हणाले.

टपालवाले काका तळमजल्यावर राहत. गुरुवारी दुपारी ताईने त्यांना खिडकीच्या उजेडात उभं केलं, डावा हात त्यांच्या काखेत घातला आणि कागद पाठीवर पसरला. धाकटीने एकदा टेप धरली, एकदा खडू, एकदा काकांची काठी. दर पाच मिनिटांनी काका खुर्चीत बसत, दम घेत, आणि पुन्हा उठत.

"मागच्या वेळी तर सगळं झालं होतं," काका म्हणाले. "वाढलो का मी?"

"नमुना हरवला," ताई म्हणाली. त्यापुढे काही नाही. धाकटीकडे तिने बघितलंही नाही.

"जुना बसला असता का यांना?" काका पाणी पिताना धाकटीने हळूच विचारलं. उत्तर नकारार्थी यावं असं तिला फार वाटत होतं.

ताईने नवा कागद आणि पाठ दोन्हींकडे नीट पाहिलं. "तंतोतंत," ती म्हणाली.

काकांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे त्या पेपरातल्या टीपवाल्या बाई तुम्हीच ना? ताई सांगते नेहमी. मी तुमचं सगळं करून बघतो. पासवर्ड केलाय मोठा. आठवत नाही, पण मोठा आहे." ते स्वतःच हसले. "पुतणी आली की ते जागा मोकळी करायचंही उरकणार आहे. चाळीस वर्षांचे फोटो वर चढवून ठेवलेत. इथले पुसले की झालं."

खडू धाकटीच्या बोटांतच मोडला.

"कधी येणार आहे पुतणी?"

"उद्या."

धाकटी त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. गुडघ्यावर पांढरी पूड सांडली होती. "ते करू नका," ती म्हणाली. "वरचेही जातील. चूक आहे ती. माझी."

"तुमची? पण तुम्ही तर तीनदा बघून लिहिता, ताई म्हणते."

"लिहिताना बरोबर होतं. नंतर बदललं. ते कळल्यावर मी ठळक सांगायला हवं होतं, मी कोपऱ्यात सांगितलं."

काका म्हणजे चाळीस वर्षं दारोदार पत्रं पोचवलेला माणूस. "मग पेपरात सांगा ना."

"परवा येईल."

"परवा." त्यांनी काठी घेतली, ताईचा हात धरला आणि उठू लागले. "तोवर किती जण करून बसतील?"

धाकटीकडे याचं वाचन नव्हतं, एकदाचंही नाही. तिने मोडलेल्या खडूचा मोठा तुकडा ताईला दिला.

"टोक धर," ताई म्हणाली. "सरळ. आणि हलू नकोस."

तिने धरलं.