भामाबाईच्या मागच्या खोलीचा चुना

मित्रांनो, तुम्ही मला ब्रश म्हणालात तर मी रागावणार नाही, पण मनातून जरा खट्टू होईन. मी कुंचा आहे. केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचा, भिंतीला चुना मारायचा, वयाने चांगला पिकलेला कुंचा. सध्या भवानीनगरला भामाबाईच्या घरी एका खिळ्यावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म निमगाव केतकीचा. तिथल्या महिपती रंगाऱ्याने बांधावरचे केकताड कापले, पाने पाण्यात कुजवली, दगडावर ठेचली आणि धुऊन त्यांचा वाख काढला. त्या कुजक्या पाण्याला असा वास सुटला होता, की महिपतीच्या बायकोने त्याला दोन दिवस अंगणातच जेवायला वाढले. वाख वाळल्यावर त्याने तो दांड्याला सुतळीने आवळला आणि टोके छाटून मला सारखे केले. एवढ्या खटाटोपातून जन्मलो, म्हणून मला माझा थोडा गर्व आहे.

पुढे आमची जोडी गावोगाव फिरली. शाळा, बिरोबाची देवळे, लग्नघरे, सगळीकडे आम्ही चुना मारला. दसरा-दिवाळी जवळ आली की महिपतीला जेवायलाही उसंत नसे. लोक म्हणत, "महिपतीचा हात फिरला की भिंत दुधात न्हाती." हात महिपतीचा होता हे खरे, पण फिरत मीच होतो. 'चुना लावला' म्हणजे फसवले, असे लोक म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटते. आम्ही उभ्या आयुष्यात कुणाला फसवले नाही.

मग डब्यातले रंग आले, रोलर आले. महिपतीचा उजवा खांदा धरला आणि हात वर जाईना. त्याने मला जुन्या ओळखीच्या भामाबाईकडे दिले. "वहिनी, टाकू नका याला," एवढेच तो म्हणाला. तिने टाकले नाही, पण कोंबड्यांचे खुराडे झाडायला घेतले. देवळे उजळणारा मी आणि माझ्या नशिबी हे! मित्रांनो, कोंबड्यांविषयी मी इथे काही बोलत नाही.

भामाबाई एकटी राहते. तिच्या घरामागे भाड्याची एक खोली आहे. गेल्या साली ती मोरीत घसरून पडली, तेव्हा त्या खोलीतल्या भाडेकरणीनेच हाक ऐकून तिला उचलले. म्हणून चिंचवडला राहणाऱ्या तिच्या लेकाने, शंभूराजने, आईच्या मागे कायम कुणी राहावे यासाठी मोठ्या हौसेने ती खोली गुलाबी प्लास्टिक रंगाने रंगवून दिली. रंगाऱ्याने जुना चुना खरवडला नाही, वरूनच रंग फासला. भिंतीला मागून वाहणाऱ्या कालव्याची ओल. वरून कीर्तन, आतून तमाशा! पावसाळ्यात रंगाचे पापडाएवढे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागले आणि भाडेकरू वैतागून निघून गेले.

शंभूराजचा फोन आला. "आई, मागं माणूस असलं की माझ्या जिवाला घोर नसतो. दसऱ्यापातुर खोलीत कुणी आलं न्हाय, तर घराला कुलूप लाव आन् हिकडं ये."

त्याचे बोलणे मायेचे होते, म्हणून तर तिला भांडता येईना. चिंचवडला तिचा जीव रमत नव्हता. सातव्या मजल्यावर सकाळी उठून दार कुणासाठी उघडायचे, असे ती म्हणे. खोली लवकर रंगवायला हवी होती. पण रंगाऱ्याने पुट्टीसकट आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आरं, एवढ्यात मी म्हस आणीन!" लेकाकडे मागायची सोय नव्हती. अंड्यांचे साठवलेले पैसे तेवढे होते. तिने महिपतीला निरोप धाडला आणि खुराड्यातून मला बाहेर काढून गरम पाण्याने तीनदा धुतले.

महिपती आला. मला हातात घेऊन त्याने माझे केस चाचपले. "जिता हाय की रं तू," तो म्हणाला. मला रडता आले असते तर मी तेव्हा रडलो असतो. त्याला हात वर नेता येत नव्हता, म्हणून तो उपड्या डब्यावर बसून सांगू लागला आणि भामाबाई करू लागली. तिने दोन दिवस गुलाबी पोपडे खरवडले. पिंपात कळीचा चुना खदखदला, मुरला, फडक्यातून गाळला. त्यात मूठभर मीठ, डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ पडली. एक हात उभा, एक हात आडवा, असा मी कितीतरी वर्षांनी भिंतीवरून फिरलो.

खोली बघायला रविवारी मनिषा नावाची बाई येणार होती. ती एसटीत कंडक्टर होती आणि तिच्या नवऱ्याला इथे काम लागले होते. पण ड्युटी बदलली, म्हणून ती शनिवारीच दुपारी दारात उभी राहिली. कडेवर तीन वर्षांची छकुली. आम्ही दुसरा हात नुकताच संपवला होता.

मित्रांनो, चुना ओला असताना दिसत नाही. नुसती करडी, डागाळलेली भिंत दिसते. मनिषाने एकवार नजर फिरवली. "मावशी, ओल लयच हाय की ओ," म्हणाली आणि वळली.

भामाबाईचा चेहरा पडला. तिने मला पिंपात बुडवले आणि घट्ट चुन्याने निथळत वर उचलले. जाड थर दिला की पांढरे दिसेल, असे तिला वाटले.

"थांबा वहिनी!" महिपती उठला आणि त्याच दुखऱ्या हाताने त्याने मला धरले. कळ त्याच्या तोंडावर दिसली. "जाड बसला की उद्या पुन्हा पोपडं. त्याला वाळू द्या." मग तो मनिषाला म्हणाला, "ताई, बारामतीची गाडी दीड तासानं हाय. तवर चहा तरी घ्या."

कंडक्टरला गाडीची वेळ कोण सांगणार? पण ती हसली आणि उंबऱ्यावर बसली. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. भामाबाई चारदा उठून भिंत बघून आली. मग खिडकीजवळ एक पांढरा ठिपका उमटला. तो पसरत कोपऱ्यापर्यंत गेला आणि बघता बघता सगळी भिंत उजळली. मनिषा पदर सावरत आत आली.

"अंगाला लागतंय का?"

भामाबाईने महिपतीकडे पाहिले. मग खरे तेच बोलली. "लागतंय. पाठ टेकली की लागतंय. पर ताटात पडायचं न्हाय."

"चालंल. बारामतीतल्या खोलीत रंगाच्या वासानं हिला खोकला सुटला. हितं वास न्हाय." तिने छकुलीला खाली सोडले. मोकळ्या खोलीत पोरगी गोल गोल धावू लागली आणि स्वतःच्याच आवाजाला ओ देऊ लागली.

तेवढ्यात शंभूराजचा फोन आला. "आई, खोलीचं काय झालं?"

भामाबाईने फोन खोलीच्या दारात धरला. छकुलीचा दंगा चिंचवडपर्यंत गेला.

"बरं," शंभूराज म्हणाला, "ऱ्हा तू तितंच."

मित्रांनो, तुमच्या घरी कुठे माझा भाऊबंद असेल तर काम झाल्यावर त्याला धुऊन टांगा. आम्ही एवढ्यावर खूप वर्षे जगतो. आणि कुणा एकट्या माणसाने तुमच्यासाठी भिंत सारवून, पुसून, रंगवून ठेवली असेल, ती पहिल्या नजरेत भरली नाही, तरी दारातून परत फिरू नका. घोटभर चहापुरते तरी बसा.