मोकळ्या प्लॉटातली कोप

धाकटा भाऊ निवृत्ती याच्या पत्राला दत्तोबांनी दिवाळीपासून उत्तर दिलं नव्हतं. थोरल्याला फोनवर असं कसं विचारावं, म्हणून धाकट्यानं कागद धाडला होता: "दादा, औंदा येळवशीला येनार का? नसता रानातली पूजा आमच्या अनिकेतच्या हातानं करू का?"

मार्गशीर्षातल्या येळवशीच्या अवसेला रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून पांडव पुजायचे, हा मान थोरल्याचा. 'येतो' लिहावं, तर बायको, पार्वतीबाई, अंथरुणाला खिळलेली. तिला इथं शहरात, काचीगुड्यात टाकून जायचं कसं? 'करू दे' लिहावं, तर गावाकडचं दार आपल्याच हातानं लावायचं.

शेवटी त्यांनी आपल्या मनानंच तोड काढली. अवसेच्या सकाळी जवळच्या गवळ्याच्या गोठ्यावरनं कडबा आणला, इमारतीशेजारच्या मोकळ्या प्लॉटात कोप उभी केली, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले. सून स्वप्ना हिनं पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील करून दिली. पूजा इथं झाली तरी मान आपल्याकडंच राहील, असं त्यांना वाटत होतं.

उदबत्ती लावली न लावली, तोच प्लॉटाचा वॉचमन यादगिरी काठी आपटत आला. म्हाताऱ्या माणसाला तो तातय्या, म्हणजे आजोबा, म्हणायचा.

"क्या तातय्या, झोपडी डालके जागा दबाते?"

"जागा न्हाई रं बाबा, पूजा हाय. सांजच्याला काढतो."

"सब ऐसाच बोलते! सेठ देखा तो मेरी नौकरी गई."

शेजारच्या हाजराबी गच्चीवरून ओरडल्या, "कायकू चिल्लाते जी? बुड्ढा आदमी जागा उठाके लेके जाता क्या?"

"नौकरी तुम देते क्या अम्मा?"

येळवशीला कोपीपाशी आलेला माणूस उपाशी धाडायचा नसतो, मग तो भांडायला का आलेला असेना. दत्तोबांनी पान वाढलं. "आधी जेव."

यादगिरी बावरून बसला. आंबील त्यानं पुन्हा मागून घेतली.

"हमारे गाव में अंबली बोलते इसकू. कित्ते सालां हो गए पीके."

"मग गावाला जात न्हाईस व्हय?"

"गेट छोडके कैसा जाता, तातय्या?"

हात धुऊन तो उठला आणि मान खाली घालून कोपीच्या पेंढ्या उपसू लागला. मग दत्तोबांनीच दुसऱ्या बाजूची सुंभाची गाठ सोडली.

वर खिडकीजवळच्या खाटेवर पार्वतीबाईनं सगळं ऐकलं होतं. "आता तरी लिवा," ती म्हणाली. "तिकडं वाट बगत बसले असतील."

दत्तोबांनी लिहिलं: 'आज तिकडं पूजा कुणी केली, मला ठाऊक नाही. इथून पुढं अनिकेतनंच करावी. जेवायला बसाल तेव्हा माझंही पान वाढत जा. ते वाटेनं जाणाऱ्याला द्या.'

दिवस बुडायच्या आत त्यांनी स्टेशनाबाहेरच्या पेटीत पाकीट सोडलं, आणि ते आत पडल्याचा आवाज येईस्तोवर पेटीवरचा हात काढला नाही.