घंटेला मोजा

शाळेच्या शिपाईमामांपुढे बावीस वर्षांत घंटेबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. आणि आता समुपदेशक बाई म्हणत होत्या, "मामा, घंटा जरा हळू वाजवाल का?"

"हळू? ही घंटा आहे बाई, अंगाई नाही!"

पण कारण ऐकल्यावर मामा वरमले. शेजारच्या घरात सिलिंडर फुटल्यापासून सातवीतली एक मुलगी घंटा झाली की बाकाखाली शिरायची. जखमा भरल्या होत्या, धसका मात्र गेला नव्हता.

मामांनी लगेच हातोडीला आपला लोकरी मोजा चढवला. घंटा 'भद्द' वाजली. कुणालाच ऐकू गेली नाही, आणि गणिताचे सर मधली सुट्टी संपेपर्यंत अपूर्णांक शिकवत राहिले. दुसऱ्या दिवशी मामांनी शिट्टी फुंकली, तर अख्खी पाचवी मैदानावर जाऊन रांगेत उभी राहिली.

"आवाज बंद करून भागणार नाही," बाई हसू दाबत म्हणाल्या. "तो कधी येणार, हे तिच्या हातात हवं."

जिन्याखालच्या नकाशांच्या खोलीत बाई त्या मुलीला रोज सावकाश श्वास सोडायला शिकवायच्या. आता तिथे मामाही हातोडी घेऊन बसू लागले. आधी तिने ती नुसती हातात धरली. मग टेबलावर टकटक केली. आठवडाभराने तिघं घंटेपाशी गेली. मामांनीच श्वास रोखून धरला.

"मामा, श्वास सोडा," मुलगी म्हणाली, "तोंड लाल झालंय तुमचं."

तिने टोला हाणला. दचकली, पण पळाली नाही. मामांचा जीव भांड्यात पडला.

सगळं एका दिवसात निवळलं नाही. रस्त्यावर टायर फुटला की ती अजूनही बाकाखाली जायची, पण आता स्वतःहून बाहेर यायची. रोजची घंटा मात्र आता तीच द्यायची, ते काम तिने सोडलं नाही.

एकदा मुख्याध्यापिकांनी मामांना बोलावलं. "तास लवकर कसा संपला?"

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली. "घड्याळ पुढे गेलंय, मॅडम."

"नाही मॅडम," दारातून खणखणीत आवाज आला. एरवी त्या दारापुढून भिंतीला चिकटून जाणारी ती मुलगी चक्क आत आली. "मीच दोन मिनिटं आधी दिली. अपूर्णांक चालू होते."

मुख्याध्यापिका रागवायचं म्हणून उठल्या आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिल्या.