अंजीर उठवायचे दिवस

सावेरियोला कोझिमोचं काही म्हणजे काही बघवत नव्हतं. कॅनडात, हॅमिल्टनमधल्या आमच्या गल्लीत हे कुणाला वेगळं सांगायची गरजच नव्हती. कोझिमोचा लसूण बर्फातून आधी डोकं वर काढायचा, कोझिमोच्या टोमॅटोच्या रोपांची बुडं जाड व्हायची, कोझिमोचा वाल कधी पिवळा पडायचा नाही. एवढं सगळं सावेरियोने एक वेळ गिळलं असतं. घशात अडकायचं ते त्याचं अंजिराचं झाड.

कारण ते मुळात सावेरियोच्या आईचं. इटलीतलं, कॅलाब्रियातलं घर भावांनी विकायला काढलं तेव्हा हा शेवटचा गावी गेला, परसातल्या झाडाची एक फांदी तोडली, ओल्या मोज्यात गुंडाळली आणि कपड्यांत लपवून इकडे आणली. नव्या मालकाने तिकडचं झाड तोडून गाडी लावायला जागा केली. म्हणजे आईच्या हातचं जे काही उरलं, ते सावेरियोच्या परसात. ते तेवढं तिथेच राहिलं असतं तर बरं होतं. पण कोझिमो शेजारी, वर सावेरियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा. असं नातं जुळलं की आमच्याकडचे पुरुष एकमेकांना ‘कुम्पारे’ म्हणतात आणि मग एकमेकांना नाही म्हणता येत नाही. सावेरियोने त्याला एक काडी दिली. कोझिमोने ती आपल्या गॅरेजच्या विटांच्या भिंतीला लागून लावली, आणि चार-पाच वर्षांत त्याची अंजिरं सावेरियोच्या अंजिरांपेक्षा मोठी यायला लागली.

मोठी तर मोठी, गोडही. सप्टेंबरात चर्चच्या हॉलमध्ये दोघांची ताटं शेजारी शेजारी असायची आणि बायका हात घालायच्या कोझिमोच्या ताटात. एकदा तर खुद्द सावेरियोची बायको, तेरेझीना, बोट चाटत म्हणाली, “कोझिमोचं जरा जास्तच मधाळ आहे, नाही?” त्या दिवशी घरात जेवण झालं, पण बोलणं झालं नाही. कोझिमो झाडाला काहीतरी विकतचं औषध घालतो, असं सावेरियो सगळ्यांना सांगत सुटायचा. कुणी विश्वास ठेवायचं नाही. त्याचा स्वतःचाही नव्हता.

एवढं असूनही वर्षातून दोनदा दोघं गळ्यात गळा घालून काम करायचे. ह्या थंडीत अंजीर उघड्यावर टिकत नाही. म्हणून नोव्हेंबरात त्याची एका बाजूची मुळं तोडायची, झाड हळूहळू वाकवून चरात आडवं निजवायचं, वर फळ्या, जुनं जाजम, पाला आणि माती. ईस्टर उलटला, गारठा सरला की उकरायचं आणि उभं करायचं. एकट्याचं हे काम नाही. एकाने खोड उचलायचं, दुसऱ्याने मुळांशी बसून सांगायचं, थांब, आता इकडे, आता सोड. सावेरियोचं झाड कोझिमो उठवायचा आणि कोझिमोचं सावेरियो.

त्या वर्षी मार्चमध्येच ऊन पडलं. ईस्टर अजून लांब होता. बायका खिडक्या उघडून गाद्या झटकायला लागल्या, पुरुष कुदळी घासायला लागले. सावेरियो मोरीपाशी उभा राहून दह्याच्या रिकाम्या डब्यांत वांग्याचं बी टोचत होता. सहज खिडकीबाहेर नजर गेली आणि हात तसाच राहिला. गॅरेजच्या भिंतीला टेकून कोझिमोचं अंजीर उभं होतं. खालपासून वरपर्यंत गोणपाटात गुंडाळलेलं, पण उभं.

“तेरे, इकडे ये. बघ तुझ्या लाडक्या कोझिमोने काय केलंय.”

“उठवलं वाटतं. त्याच्या जावयाची गाडी होती खरी सकाळी.”

“मला न बोलावता?”

“ऊन पडलंय, उठवलं असेल. विचार ना जाऊन.”

“मी विचारू? मी? माझ्याच आईचं झाड, माझीच काडी, आणि आता मी ह्याच्या दारात जाऊन विचारू?” सावेरियोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याच क्षणी त्याला कळून चुकलं की कोझिमोचा डाव काय आहे. लवकर उठवलं की लवकर पालवी, लवकर पालवी की ऑगस्टातच फळ. सावेरियोचं झाड मातीखाली घोरत असताना हा पठ्ठ्या ताट घेऊन हजर. “कोट घाल,” तो बायकोला म्हणाला. “आपलंही उठवू.”

“आत्ता? अरे, एप्रिलमध्येसुद्धा बर्फ पडतं इथे.”

“त्याच्या झाडाला नाही पडणार आणि माझ्याच झाडाला पडणार का?”

तेरेझीनाला मुळातलं काय कळणार. ती खोडाशी लागली, हा मुळांशी बसला, आणि थांब म्हणायच्या आत तिने उचललं. मातीत कडकन आवाज झाला. उरलेल्या बाजूचं जाडजूड मूळ मधोमध तुटलं होतं. सावेरियोने तिच्याकडे पाहिलं, कुंपणापलीकडे पाहिलं आणि घाईघाईने वर माती लोटली. झाड उभं राहिलं. बायकोने विचारलं, “ठीक आहे ना?” हा म्हणाला, “उत्तम आहे.”

चांगले दिवस आठवडाभरही टिकले नाहीत. रेडिओवर कडक थंडीचा इशारा आला आणि त्याच संध्याकाळी कोझिमो हातात दोन घोंगड्या घेऊन कुंपणाच्या फाटकातून आत आला.

“कुम्पारे, हे काय करून बसलास? इतक्या लवकर कशाला उठवलंस? चल, गुंडाळू या. मी खोड धरतो.”

“तुझं उभं आहे, तेव्हा नाही आठवली थंडी?”

कोझिमोने घोंगड्या दुसऱ्या हातात घेतल्या. “माझं मेलंय,” तो म्हणाला. “मला फळ्यांखालून कुजका वास आला म्हणून उकरलं. उंदरांनी साल खाल्लीय, बुंध्याभोवती सगळीकडून. मुळंही कुजलीत, एक काडी जिवंत नाही. लोक विचारतील म्हणून गोणपाट बांधून उभं केलं. तुला तोंड कसं दाखवू ते कळेना, म्हणून बोलावलं नाही.” मग तो थोडा पुढे आला. “आता तुझंच राहिलं. एवढं वाचव, आणि मला परत एक काडी दे.”

खोटं कशाला बोला, सावेरियोच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शेजाऱ्याचं झाड मेलंय, शेजारी रडकुंडीला आलाय, आणि ह्याला वाटतंय, आता सप्टेंबरात हॉलमध्ये एकच ताट. त्याने चेहरा गंभीर ठेवला.

“काडीचं बघू मे महिन्यात. घाई काय आहे? आणि घोंगड्या ने परत. माझ्याकडे आहेत.”

“कुम्पारे, दोघांनी केलं तर नीट होईल.”

“माझं झाड आहे. मी बघीन.”

कोझिमो गेला. तेरेझीना दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली, कात्री घेऊन आली, झाडाच्या शेंड्याच्या तीन काड्या कापल्या आणि नवऱ्याच्या देखत फाटकातून पलीकडे गेली. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, “लाज वाटत नाही तुला.”

त्याने एकट्यानेच झाड जमेल तसं गुंडाळलं. वाऱ्याने एक बाजू सुटली. सकाळी माती दगडासारखी झाली होती.

मे महिना आला. गल्लीत सगळीकडे वाफे तयार झाले, काठ्या रोवल्या गेल्या, टोमॅटो बाहेर गेले. सावेरियो रोज झाडापाशी जायचा आणि नखाने साल खरवडायचा. खाली हिरवं दिसलं की झाड जिवंत, हे त्याला आईने शिकवलेलं. वरची फांदी खरवडली, तपकिरी. खालची खरवडली, तपकिरी. बुंध्याशी गुडघे टेकून खरवडलं, तिथेही तपकिरी. खालून नवा कोंब येईल म्हणून तो थांबला, पण ज्यातून यायचा ते तुटलेलं मूळ त्याने स्वतः मातीखाली लपवलं होतं.

जूनमध्ये कोझिमो कुंडी घेऊन आला. कुंडीत वीतभर काडी आणि तिला तीन पानं, तळहाताएवढी, तुकतुकीत. “तीनातली एक लागली,” तो म्हणाला. “घे. तुझ्या आईचं आहे.”

सावेरियोने पानांकडे पाहिलं आणि त्याला आनंदाच्या आधी काय आठवलं असेल, तर हे की माझ्या हातात आख्खं झाड मेलं आणि ह्याच्या हातात काडी जगली. राग आला. मग त्याने आपल्या परसाकडे पाहिलं, जाळीचं कुंपण, गावालगतच्या मोठ्या तळ्यावरून थेट येणारा वारा. आणि पलीकडे ती विटांची भिंत, दिवसभर तापलेली.

“तुझ्या भिंतीशी लाव,” तो म्हणाला.

“अरे, मी तुला द्यायला आणलंय.”

“कळलं मला. तुझ्या भिंतीशी लाव. तिथे जगतं. तुझी अंजिरं माझ्यापेक्षा गोड असायची.”

“ते ठाऊक आहे,” कोझिमो म्हणाला. “सगळ्यांना ठाऊक आहे. तूच म्हणत नव्हतास.”

दोघांनी मिळून खड्डा खणला. काडी लावली कोझिमोने, माती दाबली सावेरियोने, पाणी कुणी घालायचं ह्यावरून थोडं वाजलंही. मग सावेरियो घरी आला आणि स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. तेरेझीनाने कॉफी पुढे ठेवली.

“मन मोठं केलंस हो,” ती म्हणाली.

“मोठं वगैरे काही केलं नाही. जीव जळतोय माझा. आत्ताही जळतोय. आईचं झाड, आणि रोज सकाळी दार उघडून तो बघणार. मी कुंपणावरून वाकून बघायचं.”

तेरेझीना त्याच्या समोर बसली. “मग जा, परत घेऊन ये. तो देईल.”

“नको,” सावेरियो म्हणाला. “इथे मरेल.”