धक्क्याजवळ बंद पडलेला जनरेटर

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या नव्याकोऱ्या रंगावर जाऊ नका. बोटीवर वीज तयार करणारा मी एक जुना जनरेटर आहे, आणि मला माझीच लाज वाटते.

मी जन्मलो तेव्हा आम्हा जनरेटरांना सोन्याचे दिवस आले होते. नव्या बोटी भराभर पाण्यात उतरत होत्या आणि मागणी पुरवता पुरवता कारखान्याच्या नाकी नऊ येत होते. तपासणी करणाऱ्या मावशींना मला दिवसभर पूर्ण भारावर चालवून पाहायचे होते.

साहेब म्हणाले, "मावशी, गिऱ्हाईक दारात उभं आहे. तासभर चालला ना? मारा शिक्का."

"घाईत पोटातलं दुखणं कळत नाही, साहेब," मावशी म्हणाल्या. पण शेवटी त्यांनी शिक्का मारला. भावंडांच्या आधी बाहेर पडलो म्हणून मी मात्र फुशारलो.

एका प्रवासी बोटीवर माझी नेमणूक झाली. दिवे, पंप, सुकाणू, सारे माझ्या विजेवर चाले. तिथले यंत्रचालक दादा रोज माझ्या अंगाला हात लावून ताप पाहत. त्यांचा धाकटा भाऊ त्याच बोटीवर खलाशी होता. चार वर्षे सगळे मला नावाजत होते.

एके दुपारी बोट धक्क्याला लागत असताना मला थंड ठेवणारे आतले पाणी एकाएकी गळून गेले. मी तापलो आणि बंद पडलो. सुकाणू अडकले. दोर टाकायला कठड्यावर वाकलेल्या धाकट्याचा उजवा हात बोट आणि धक्का यांच्यामध्ये चिरडला.

चौकशीत ठपका दादांवर आला. "माझंच लक्ष चुकलं," एवढेच ते म्हणाले. त्यांची नोकरी गेली. मी गप्प होतो. मला बोलता कुठे येते?

पुढे दोघा भावांनी दुरुस्तीचे दुकान टाकले. मागणी इतकी वाढली होती की जुने जनरेटरही हातोहात खपत. एका व्यापाऱ्याने मला रंगवून त्यांच्याकडेच पाठवले. "चकाचक करा. नवाच म्हणून खपवतो," तो म्हणाला.

दादांनी मला उघडले आणि आतला क्रमांक पाहून ओळखले. पाण्याच्या नळीचा सांधा काढून त्यांनी उजेडात धरला. सांध्याच्या आतल्या बाजूला कारखान्यात धातू ओततानाच पडलेली चीर होती.

"दादा, म्हणजे तुझी चूक नव्हतीच," धाकटा म्हणाला.

"मी तरी कधी उघडून पाहिलं? हाही सगळ्या जनरेटरांसारखाच, असं समजून वरवर हात लावत राहिलो."

दादांनी नवा सांधा बसवला. मग धाकट्याने डाव्या हाताने ब्रश उचलला आणि माझ्या चकचकीत अंगावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले: 'एकदा बंद पडलेला. सांधा बदलला आहे.'

व्यापारी चिडला, पण दादांनी ती ओळ पुसू दिली नाही.

मित्रांनो, आमची निगा राखा, आम्हाला उघडून पाहा आणि आमचे दोष रंगाखाली झाकू नका. माझ्याजवळ लाजण्यासारखे पुष्कळ आहे. त्या वाकड्या अक्षरांची मात्र मला लाज वाटत नाही.