चिमणाबाईचा मांडव

आख्खी वाडी चिमणाबाईच्या परसात घुसली होती. कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, कुंपणावर चढलेले बाप्ये होते, आणि मधोमध लाल पाटावर धैर्यशील महाराज बसले होते. ही वाडी भुदरगडच्या डोंगरातली. एरवी ग्रामसभेला पंधरा डोकी जमत नाहीत. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती.

कारणही तसंच होतं. पंधरवड्यात घरोघरच्या परसातले दोडके, काकड्या, वाल, टोमॅटो सगळे वाकडे झाले होते. पानं आकसली, शेंडे पिळवटले, फुलं गळाली. हिरवा राहिला तो एकच मांडव, चिमणाबाईचा. ती विधवा, एकटी, मूलबाळ नाही. कुणाच्या डोहाळजेवणाला तिला बोलवत नाहीत, सकाळी समोर आली तर बाया वाट बदलतात. अशा बाईच्या परसात हातभर दोडके लोंबताहेत म्हटल्यावर वाडीला करणीचा आणखी पुरावा कशाला लागतो?

तरी पुरावा मागवला. तिच्याच शेजारची आक्का स्वतः जाऊन महाराजांना घेऊन आली. हे महाराज पूर्वी टेम्पो चालवायचे. टेम्पो दरीत गेला, हे वाचले आणि तेव्हापासून म्हणे त्यांना जमिनीची भाषा कळते. माती बोलते आणि महाराज ऐकतात. मातीला एवढं बोलायचं होतं तर तिनं आक्काला घरीच सांगितलं असतं, पण हे मी मनात म्हटलं. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते आणि वाडीच्या लेखी मी पावणीच.

महाराजांनी हळदीत कालवलेले ओले तांदूळ वाट्यांत भरले. एकेका घरची माती चिमूटभर टाकायची, बोटानं कालवायचं, डोळे मिटून हुंकार द्यायचा. आक्काची माती टाकली, तांदूळ पिवळेच राहिले. वाडीत ज्याचा शब्द चालतो त्या बाळासोची टाकली, पिवळेच. चिमणाबाईची पाळी आली तसे महाराज थांबले. कंबरेची चंची काढली, तंबाखू घेतली, चुना लावून निवांत मळली, गालात धरली. आमच्याकडं तंबाखू मळणाऱ्याकडं कोण बघतंय? मग तोच अंगठा वाटीत फिरला आणि तांदूळ लालभडक झाले.

"माती रगत वकतीया," महाराज म्हणाले. "हिनं तुमच्या येलांचा जीव वडून आपल्या मांडवात घातलाय. मांडव ठेवू नका आणि हिलाबी ठेवू नका."

पुढचं फार वेळ चाललं नाही. पोरांनी मांडवाचे खांब उपटले. बायांनी वेल मुळासकट ओढले. बियाण्यासाठी वेलावर वाळत ठेवलेले दोडके आक्कानं स्वतःच्या हातानं तोडून उकिरड्यावर फेकले. चिमणाबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. रडत नव्हती, अडवतही नव्हती. सूर्य मावळायच्या आत वाडी सोडायची, असं बाळासोनं तिला सांगितलं. तिचं जगात एवढंच होतं, दोन खोल्या आणि ते परस. मी मागून ओरडत होते, थांबा, थांबा. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. गर्दीतून पुढं घुसेपर्यंत मांडव आडवा झाला होता.

मी नवी वाटी घेतली, तेच तांदूळ घेतले, आक्काच्या परसातली माती टाकली. बाळासोच्या खिशातली चुन्याची डबी काढून घेतली. बोटाला चुना लावला आणि सगळ्यांसमोर कालवलं. तांदूळ लाल झाले.

"आक्का, आता करणी तू केलीस म्हणायचं काय?"

आक्काचं तोंड पांढरं पडलं. मी बायांना विचारलं, हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, तेव्हा तुमच्या पातळावर कोण करणी करतं? साबण काय, चुना काय, हळदीला दोन्ही सारखेच. बाया एकमेकींकडं बघू लागल्या, कारण हे त्यांना लग्न झाल्यापासून माहीत होतं. महाराजांना तेवढ्यात दुसऱ्या गावची वेळ आठवली आणि ते मोटरसायकलवर बसून गेले.

बाळासो मात्र अडून राहिला. "तांदूळ चुन्यानं लाल झालं, मान्य. पर आमची झाडं कशानं गेली? आन् हिचीच कशी ऱ्हायली?"

प्रश्न बरोबर होता. मांडव पाडायच्या आधी विचारला असता तर आणखी बरोबर झाला असता. मी विचारलं, माव्याच्या किडीसाठी निंबोळी अर्क सगळ्यांनी कशानं मारला? बाळासोच्या पाठीवरच्या पंपानं, घरोघर फिरवून. आणि त्याआधी तो पंप कुठं होता? खाली ओढ्याकाठच्या उसात, तणनाशक मारायला. आत नुसतं पाणी हिसळलं होतं, असं बाळासो म्हणाला. ते औषध रुंद पानाचं तण मारतं, उसाला काही करत नाही. ऊस गवताच्या जातीतला. म्हणूनच परसातला मका आणि गवती चहा ताठ उभे होते, आणि दोडका, वाल मात्र पिळवटले होते. नुसत्या पाण्यानं ते पंपातून जात नाही.

"चिमणाबाईला पंप कुणी दिलता?" मी विचारलं.

उत्तर चिमणाबाईनंच दिलं. "मी मागायला गेलतो. आक्कानं दार लावून घेतलं. म्हनली, तुझा हात लागला तर पंप बिघडंल. मग मी राख टाकली झाडावर."

चिमणाबाईला वाडीबाहेर काढायचं त्या दिवशी थांबलं. तरी खात्री हवी म्हणून मी त्याच पंपात साधं पाणी भरून शाळेतल्या कुंड्यांमधल्या वालावर मारलं. आठवडा व्हायच्या आत तोही वाकडा झाला. पोरांनी कुंड्या घरोघर नेऊन दाखवल्या.

कुंड्या फिरल्या त्या संध्याकाळी आक्का चिमणाबाईच्या दारात आली. मला वाटलं माफी मागेल. ती म्हणाली, "अगं, बियाचा दोडका एकादा ऱ्हायला असंल तर दे की. औंदा कुणाकडंच बी न्हाय."

"उकिरड्यावर हाय बघ," चिमणाबाई म्हणाली. "तूच टाकलाईस."

उकिरड्यावर ते कधीच सडून गेले होते. सकाळी चिमणाबाई गाठोडं घेऊन मुरगूडला बहिणीकडं निघाली. आता तुला कोण काही म्हणणार नाही, थांब, असं मी तिला विनवलं. "खरं कळल्यावर आल्यात, त्यातबी बी मागायला," ती म्हणाली. "मी न्हाय ऱ्हात हितं." तिच्या परसात आता आक्काची म्हैस बांधलेली असते.

वाचणाऱ्यांनो, शेजाऱ्याची बाग हिरवी आणि आपली करपलेली दिसली, तर देवर्षी आणू नका. कुंपणाशी जाऊन विचारा, तू काय वेगळं केलंस. आपल्या झाडावर काय मारलं ते आठवा. पंप धुण्याच्या सोड्यानं स्वच्छ धुवा, आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. कुणी चमत्कार दाखवला तर त्याची बोटं बघा आणि तेच आपल्या हातानं करून बघा. आमच्या वाडीत तेवढं एकानं जरी केलं असतं, तर ती बाई आज आपल्या घरात असती.