मुठीपासूनचं माप

गळाच्या काठीवर किती किलोची दोरी लावायची त्याचा आकडा नव्हता, आणि बाबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. आपल्या हाताने केलेल्या काठीवर आकडा घालायचा म्हणजे पोटच्या पोरीच्या कपाळावर तिचं वजन लिहिण्यासारखं, असं ते म्हणत. सुतारकाम जोरात होतं त्या काळात उरल्यासुरल्या वेळी बांबूच्या पट्ट्या चिकटवून त्यांनी ती केली होती. मुठीवर लाल सुताचा घट्ट वेढा आईने घातला होता. आई देवाघरी गेली, वेढा अजून होता.

नवी दोरी घ्यायची झाली की बाबा काठी घेऊनच दुकानात जायचे. हवेत एक फटकारा, दोरीला बोटांची एक चिमूट, की "ही द्या." पण मधल्या आजारपणात बोटांची जाणच गेली. ताकद होती. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण घरात अजून तेच उघडायचे, पण कप गरम की गार हे ओठाला लावल्यावर कळायचं. अशात त्यांच्या लोहार मित्राने रविवारी तळ्यावर यायचा निरोप धाडला. बाबांनी हौसेने रीळ काढलं, जुनी दोरी जरा ओढली, तर ती तटकन तुटली.

आता आली का पंचाईत! कच्ची दोरी घ्यावी तर मासा हातचा जाणार. फार पक्की घ्यावी, तर मासा ओढणार, दोरी सोडणार नाही, मग मोडणार कोण? काठी. आणि तशी दुसरी काठी आता बाबांच्या हातून होणं नाही.

"मला काय विचारतेस?" बाबा लेकीला म्हणाले. "बोटांना विचार. ती रजेवर गेलीत."

लेक घरीच शिवणकाम करायची. हाताखालचा ब्लाउज बाजूला ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वायरमन, दुकानदाराला विचारूनच आला होता.

"सोपं आहे गं. मूठ आडवी पक्की धरायची. शेंड्याला वजनाचा ताणकाटा अडकवून खाली ओढायचं. शेंडा सरळ जमिनीकडे बघायला लागला, मुठीशी काटकोन झाला, की काट्यावर जे वजन दिसेल त्याच्या पाचपट ताकदीची दोरी. म्हणजे काठीच्या आधी दोरी तुटते."

"आणि ओढताना माझी काठी मोडली तर?" बाबांनी विचारलं.

"तर जावई बदला," लेक म्हणाली.

वरच्या गॅलरीचा कठडा बरा होता. लेकीने काठी कठड्यावर आडवी ठेवली आणि ती आवळून धरणारा बाबांचा क्लॅम्प कुठे लावावा हे बघू लागली. मुठीवर लावला तर आईचं सूत चेपणार. तिने चिंधी गुंडाळून क्लॅम्प मुठीच्या बराच पुढे आवळला. नवरा खाली अंगणात काटा धरून. बाबांचा गुण्या, सुताराची काटकोनाची पट्टी, काठीला टेकवून लेक कोन बघत होती.

"ओढा! अजून! अहो, भिताय काय, मासा नाहीये तो! बस!"

"सव्वा किलो!" खालून आरोळी आली.

"म्हणजे सव्वासहा. सहाची आणा."

तो तसाच सायकल काढून गेला. बाबांचं तोंड मात्र असं, जणू कुणी न विचारता त्यांचं ताट उचललं.

लेक पुन्हा कापडाकडे वळली. गिऱ्हाइकीण मापाचा जुना ब्लाउज ठेवून गेली होती. बाहीवर टेप टाकताना तिच्याकडून तो खांद्याच्या शिवणीऐवजी चार बोटं खालून लागला. बाही आखूड कशी आली म्हणून तिने पुन्हा पाहिलं, आणि टेप हातातच राहिला. ती उठून गॅलरीत आली. काठी अजून तशीच होती, आणि तिचा चांगला पाव भाग क्लॅम्पच्या अलीकडे नुसता पडून होता. आपण मोजली ती अख्खी काठी नव्हेच! आखूड काठी ताठ लागणार, वजन जास्त दाखवणार. सहाची दोरी लावली असती, तर—

"बाबा, माझं चुकलं. माप मुठीपासून घ्यायला हवं होतं. पण मुठीवर क्लॅम्प लावायला जीव धजत नाही."

बाबा खुर्चीतून उठले. "मग सरक. मी धरतो."

"हाताला समजेल का पण?"

"धरायला समजावं कशाला लागतं?"

लेकीने क्लॅम्प सोडला. बाबांनी दोन्ही हातांनी लाल वेढा धरला, कोपर बरगडीला लावलं आणि मूठ कठड्यावर दाबली. एवढ्यात नवी दोरी घेऊन जावई आला. लेकीने वरूनच त्याला अंगणात थांबवून काटा हातात घ्यायला लावला.

"आता पुन्हा काय?"

"प्रश्न नंतर. ओढा."

काठी वाकू लागली. शेंड्याकडून आलेला बाक हळूहळू मुठीपर्यंत पोचला. लेकीने गुण्या टेकवला. थोडं कमी होतं अजून. ती "ओढा" म्हणणार, तोच काठी आणखी एक वीत खाली गेली आणि बाबा म्हणाले, "बस."

लेकीने पाहिलं. काटकोन, केसाचाही फरक नाही. बाबा गुण्याकडे बघतही नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"कसं कळलं?"

"खांद्याला कळलं," बाबा म्हणाले, आणि स्वतःच चकित होऊन खांद्याकडे बघत राहिले.

"सातशे ग्रॅम!" जावई ओरडला. "म्हणजे साडेतीनची लागणार? आणि ही सहाची? मी तिचं पाकीट फोडलं की हो, आता परत घेणार नाहीत!"

"कपडे वाळत घालू," लेक म्हणाली.

रविवारी संध्याकाळी, साडेतीनची दोरी लावून तळ्यावर गेलेले दोघं परतले. जावयाचं तोंड एवढंसं झालेलं. बाबा मागून, गुडघ्यापर्यंत भिजलेले, काठी खांद्यावर.

"मोठा होता गं," जावई म्हणाला. "पार काठाशी आणला होता. गेला."

"कसा गेला ते सांगा की," बाबा म्हणाले.

"दोरी तुटली."

"काय तुटलं?"

"दोरी, बाबा, दोरी!"

"ऐकलंस?" बाबांनी काठी लेकीपुढे धरली. तिने मुठीपासून शेंड्यापर्यंत हात फिरवला. कुठे चीर नव्हती, सूत तेवढं ओलं होतं. तिने ते पंच्याने हलक्या हाताने टिपलं. मग बाबांचा लेंगा पिळून अंगणात सहाच्या दोरीवर वाळत घातला.